देवाचा कौल देणारी गळकी हंडी

मी एक हंडी बोलतेय. साधी मातीची. पोट सुटलेलं, तोंड वाकडं आणि अंगात पहिल्याच भाजणीत गेलेला तडा. तरी आज मला देवळात चौथऱ्यावर बसवलंय आणि भलेभले माझ्यापुढे वाकतात. हसू येतं हो, पण मोठ्याने हसायची सोय नाही, तडा वाढायचा.

माझा जन्म पार पूर्वेच्या बेटांवरच्या यामातोच्या खोऱ्यात, झऱ्याकाठच्या सात घरांच्या वस्तीत. इसोते कुंभाराने मला घडवलं ते घाईघाईत. तडा दिसला, तशी त्याने भाताची पेज आणि राख कालवून तो लिंपला आणि बायकोला, कोनुमेला, म्हणाला, "राहू दे. अळकुड्या उकडायला चालेल." कोनुमेने दोनदा उकडल्याही. तेवढीच माझी लायकी.

त्या दिवसांत ज्याला त्याला देवाचा वंशज व्हायची घाई होती. कुळ देवाचं ठरलं की मान, देऊळ, देवाची भातखाचरं, सगळंच पदरात. झऱ्याचा देव आमच्या सात घरांचा मूळपुरुष. त्याची पूजा मायुमे करायची; तिच्या आधी तिची आजी, त्याआधी आजीची आजी. खालच्या अंगाला आरातो राहायचा. त्याच्या आजोबाने समुद्रापलीकडून घोडे आणि लोखंड आणलं होतं. त्याच्याकडे सगळं होतं, नव्हता तो फक्त देव. मग एक दिवस त्यालाही आठवलं, की झऱ्याचा देव आपलाच पूर्वज!

भांडण थोरल्या राजापर्यंत गेलं. राजाचा कारभारी आला आणि त्याने रीत सांगितली. उकळत्या पाण्यात हात घालून तळाचा गोटा काढायचा. देव ज्याचा, त्याचा हात भाजत नाही. हरेल त्याच्या कुळाचं नाव पुसलं जाईल आणि त्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबतील.

"हंडी कोरी हवी. अन्न न शिवलेली," कारभारी म्हणाला.

इसोतेची कोरी हंडी भट्टीतच फुटली. तो मला राखेने घासायला बसला, तशी कोनुमे ओरडली, "अहो, ही? हिच्यात अळकुड्या शिजल्यात!"

"हळू बोल की! पाणीच तर उकळायचंय. झरा आपला, देव आपला. तो काय वास घेत बसणार आहे?"

मीही फुगले. वाटलं, सुटले बाई अळकुड्यांतून! अक्कल म्हणाल तर माझ्यात तेव्हाही पाणीच होतं.

पूजा जिच्याकडे, तिचा हात आधी. मायुमे बाह्या सावरायला खांद्यावरून पांढरी दोरी बांधून पुढे आली. मी बुडबुडे काढत उकळत होते, मोठ्या तोऱ्यात. ती माझ्यावर वाकून झऱ्याच्या देवाला पुटपुटली, "आजोबा, मी आहे हो, मायुमे."

आणि तिने कोपरापर्यंत हात घातला.

मला काय येतं? उकळता येतं. तेवढं मी इमानेइतबारे केलं. तिने गोटा काढला, ओरडलीसुद्धा नाही, पण हात टरारून फुगला. सात घरांतली माणसं खाली बघायला लागली. मला इतकी लाज वाटली, इतकी, की काय सांगू.

मग आरातोची पाळी. गोटा पुन्हा माझ्यात टाकला. पण हात घालण्याआधी वंशावळ म्हणायची, मायुमेने ती चार दमांत संपवली होती, आणि ती चालू असताना सगळ्यांनी कपाळ जमिनीला टेकायचं. आरातो भ्याला होता. त्याने नावं लांबवत नेली. एक पूर्वज तर तीनदा जन्माला घातला. सगळ्यांची कपाळं खाली. तेवढ्यात माझ्या तड्यातली ती पेज सुटली. पाणी धार धरून चुलीत गेलं, लाकडं विझली, आणि जे उरलं ते इतकं कोमट, की अंघोळीलाही कुणी घेतलं नसतं. आरातोने डोळे मिटून हात घातला, काढला, आणि स्वतःच उलटसुलट करून बघत राहिला.

मान वर होती ती एकट्या कोनुमेची. ती किंचाळली, "हंडी गळतेय! आग विझलीये! तडा होता तिला, अळकुड्या उकडल्यात मी तिच्यात!"

कारभाऱ्याने ओली राख पाहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्याने पुन्हा कपाळ टेकलं. "देवाने लेकरासाठी स्वतः आग विझवली! आणि ही बाई देवाच्या हंडीला अळकुड्यांची म्हणते?"

मायुमेने भाजलेल्याच हाताने कोनुमेचं तोंड दाबलं. "गप बस. कुळ गेलंच, आता तुझा जीवही जाईल."

तर असा माझ्या एका भेगेतून देवाचा वंशज जन्माला आला. आता आरातोच्या थडग्याची टेकडी रचणं चाललंय, तो धडधाकट असतानाच. सात घरं तिथे माती वाहतात. इसोतेही वाहतो, वाकून. आरातो पूर्वी माझी नजर चुकवायचा. आता चुकवत नाही. त्याला ते सगळं खरं वाटायला लागलंय.

मायुमे देऊळ झाडायला येते. झाडून झालं की नियमाप्रमाणे माझ्यापुढे उभी राहते. आमच्याकडे देवाला टाळ्या वाजवून नमस्कार करतात. तिचा उजवा हात आखडलाय, बोटं उघडत नाहीत. ती दोन्ही हात जवळ आणते, पण टाळी वाजत नाही.

कुणीतरी या हो. फार काही नको, जाता-येता एक धक्का द्या मला.