अन्सेल्मोचा उसासा

सिएनफुएगोस शहरातल्या त्या गल्लीत रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. एलोइसाबाईंच्या घराशेजारी, पत्र्याच्या छपराखाली, सत्तर वर्षांची फिकट निळी आलिशान अमेरिकन गाडी सुरू होती आणि तीन महिन्यांपूर्वी वारलेला त्यांचा नवरा अन्सेल्मो तिच्यातून उसासे टाकत होता.

"आला!" आत्मे बोलावणाऱ्या लेओकादिओबाबाने चिरूट उंचावला. "इंजिन चालू ठेवून पाव तास मेणबत्ती लावा, की येतोच. घाई त्याला खपत नाही. जिवंतपणी तरी कुठे खपायची?"

लोक हसले, मग डोळे पुसू लागले. गल्लीतल्या कितीतरी नवऱ्या मुली अन्सेल्मोच्या या गाडीतून चर्चला गेल्या होत्या. गाडीखालून पुन्हा आवाज आला. घोगरा, लांबलचक, शेवटी थरथरणारा. अन्सेल्मो दम्याने गेला होता.

एलोइसाबाई काचा लावून मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांची मुलगी निल्दा सांता क्लाराला शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. ती कालच आली होती. ताटातला भात तसाच ठेवून आई तिला म्हणाली होती, "डोकं ठणकतं गं, मळमळतं. बाबा म्हणतात, तुझे पप्पा अंगात यायला बघतायत."

"आणि गाडीतून उतरलीस की?"

"हळूहळू बरं वाटतं. ते निघून जातात ना."

निल्दा रात्रभर त्या उत्तराचा विचार करत होती.

"आज पूर्ण तासभर बसायचं!" लेओकादिओ ओरडला. "दार कोणी उघडायचं नाही!"

निल्दाने दार उघडलं. आईचे ओठ सुकले होते, डोळे जड झाले होते. "मास्तरीणबाई, पाप लागेल!" कुणीतरी म्हणालं. शेजारच्या रिगोबेर्तोकाकांच्या मदतीने तिने आईला झाडाखाली खुर्चीत बसवलं. मग एका काठीला ओलं फडकं गुंडाळून ती जमिनीवर आडवी झाली आणि काठी गाडीच्या पोटाखाली सरकवली.

उसासा थांबला.

"आत्मा रुसला!" लेओकादिओ म्हणाला.

निल्दाने काठी काढली. उसासा सुरू झाला. दाबली, बंद. काढली, सुरू. "किती वेळा रुसवू, बाबा?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. पण आई हसली नाही. "तू त्यांचं तोंड दाबलंस," ती म्हणाली.

निल्दाने काठी बाजूला ठेवली.

इंजिन बंद करून, सगळं निवल्यावर रिगोबेर्तोकाकांनी सायलेन्सर उतरवला. गंजून पडलेल्या भोकावर आटीव दुधाच्या डब्याचा पत्रा तारेने बांधलेला होता. इथे सगळेच असं ठिगळ लावतात. नवा सायलेन्सर मिळतो कुठे?

"पाव तासाने लोखंड तापतं, तार सैल पडते, पत्र्याची कड उचलली जाते," निल्दाने सांगितलं. "त्या फटीतून धूर सुटला की पत्रा पिपाणीसारखा थरथरतो. हाच उसासा. आणि तोच धूर गाडीच्या सडक्या तळातून आईच्या फुप्फुसात जात होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. आणखी तासभर बसली असती, तर आज हिलाही निरोप द्यावा लागला असता."

लेओकादिओ केव्हाच सटकला होता. मेणबत्ती मात्र जळत होती.

आईने तो काळवंडलेला पत्रा मांडीवर घेतला. तारेचा पीळ उलटा होता. अन्सेल्मो डावखुरा होता.

"यांनीच बांधलंय," ती पुटपुटली. "म्हणजे आवाज यांचाच होता ना?"

निल्दा तिच्या पायाशी बसली. "हात पप्पांचे होते, आई. आवाज धुराचा होता."

आई पहिल्यांदाच मोठ्याने रडली. गल्लीने तीन महिने तिला रडू दिलं नव्हतं. मेलेला माणूस रोज येत असेल, तर रडायचं कुणासाठी?

लोक माना खाली घालून उभे होते. निल्दा त्यांच्याकडे वळली. "माझ्या आईचं डोकं दुखत होतं आणि तुम्ही सगळे मेणबत्त्या आणत होतात. पुढच्या वेळी आधी खिडकी उघडा. आणि आवाज कुठून येतो, ते वाकून बघा. त्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. मागे राहिलेलं माणूस वाचतं."