एप्रिलमधली किमची

दोन महिने हेसोल अंथरुणातून उठत नव्हती. आज कोरियातल्या मोकपो शहरातल्या नव्या डॉक्टरीणबाईंसमोर ती मान खाली घालून बसली होती आणि उत्तरं द्यायचं काम तिच्या आईवर, ओकबुनवर, आलं होतं. आधीच्या डॉक्टरांनी कागदावर ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व’ लिहिलं होतं. ओकबुनने त्याचा अर्थ मनाशी लावून टाकला होता: आपण दुकान धरून बसलो, पोर आजीकडे टाकली, त्याचं हे फळ. चार वर्षं ही बोच उरात होती, आणि तरी चिडली की लेकीलाच ‘नाटकी’ म्हणायची.

“मन कशाने बदलतं हिचं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “कुणाशी वाजलं, कुणी सोडून जाईल असं वाटलं, की तासाभरात? की काही न घडता दिवसच्या दिवस एकसारखंच राहतं?”

“तसं काही नाही हो. खाते, झोपते. जरा नाटकी आहे, इतकंच,” ओकबुन म्हणाली. घरचं झाकायची सवय, दुसरं काय!

“झोपते?”

 ओकबुनने फोनमधला फोटो पुढे केला. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, फ्रीजमध्ये डबेच डबे, प्रत्येकावर तारखेची पट्टी, सगळ्या एप्रिलच्या.

“वर्षाची किमची थंडीच्या तोंडावर घालतात. हिने एप्रिलात घातली, ऐंशी कोबींची. सलग नऊ दिवस. दोन तास झोपायची, तरी टवटवीत. भांडण नाही, तंटा नाही. गेल्या वर्षीही तसंच. मी शेजारणींना सांगितलं, दुकानाला मोठी ऑर्डर आलीय.”

“आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?”

“लाज वाटली.”

डॉक्टरीणबाईंनी तारखा टिपून घेतल्या. “मला हा बायपोलर वाटतो: काही दिवस उत्साहाची भरती, मग महिनोन्महिने ओहोटी. अजून तपासू, पण सध्याची नुसती उदासीवरची गोळी हिला चालणार नाही, ती बदलू. आणि ओकबुनबाई, कागदावरचा तो बॉर्डरलाइन असता ना, तरी ते नाटक नसतं.”

ओकबुनला लेकीकडे बघवेना.

“आई,” हेसोल पहिल्यांदाच बोलली, “ते नऊ दिवस मी खूप सुखात होते गं. तो पण आजारच का?”

ओकबुनने तिचा हात हातात घेतला.

“लाज वाटली, हे खोटं सांगितलं मी,” ती म्हणाली. “तू ओट्याशी गात होतीस. तुला इतकं खुशीत मी कधी पाहिलंच नव्हतं. कुणी येऊन ते थांबवेल, म्हणून नाही सांगितलं कुणाला.”