वीस मिनिटं पुढे

माझा नवरा घड्याळजी आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण दुकानाला सलग तीन दिवस कुलूप लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मुलीने बेटावरच्या आठ दिवसांच्या सहलीची तिकिटं हातात ठेवली, तेव्हा मी आधी बॅग भरली आणि मग यांना सांगितलं. आठ दिवस म्हटल्यावर यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बॅगेत माझे चार झगझगीत पोशाख, आणि यांच्या दोन शर्टांच्या मध्ये हत्यारांची चपटी पेटी. मला दिसली होती. म्हटलं, असू दे, लहान मुलं नाही का खेळणं घेऊन झोपत.

बेट छान होतं. एक लांबलचक किनारा, त्याच्या एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला धक्का, मध्ये माडांखाली वीस-पंचवीस घरं. धक्क्यावर तिकिटाची शेड आणि शेडच्या कपाळावर परातीएवढं घड्याळ. किनाऱ्यावर कुठेही उभं राहा, ते दिसायचंच. बोट दर चौथ्या दिवशी अकरा वाजता सुटायची. आम्ही रविवारी उतरलो, म्हणजे मधली बोट गुरुवारी आणि आमची सोमवारी.

उतरल्या उतरल्या यांनी मनगटावर पाहिलं, वर पाहिलं, आणि चेहरा असा केला, जणू दाताखाली खडा आला.

"वीस मिनिटं पुढे आहे," हे म्हणाले.

"असेल. समुद्र बघा."

यांनी समुद्र बघितला, पण उपकार केल्यासारखा. सोमवारी, मंगळवारी रोज धक्क्यापर्यंत फेरी आणि परत येऊन तोच पाढा. "बरोब्बर वीस! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे यंत्र उत्तम आहे, लावणाराच आळशी."

मंगळवारी रात्री जेवताना यांनी जाहीर केलं, "आपण गुरुवारच्या बोटीने निघू. बघून झालं सगळं. गिऱ्हाइकं दुकान बंद बघून परत जात असतील."

मी ताटं उचलली. सव्वीस वर्षांत मी यांच्याकडे दागिना मागितला नाही, आठ दिवस मागितले होते. त्यातलेही चार परत चालले होते.

बुधवारी दुपारी मी खोलीच्या मालकीणबाईंबरोबर पायरीवर बसले होते. बोलता बोलता घड्याळाचा विषय निघाला आणि त्या खो खो हसल्या. "अगं, ते मुद्दाम पुढे ठेवलंय! आमची माणसं महाआळशी, दर वेळी कुणाची ना कुणाची बोट चुकायची. म्हणून वीस मिनिटं पुढे केलं. आता सगळ्यांना माहीत आहे, सगळे वीस मिनिटं वजा करूनच निघतात."

"मग उपयोग काय?"

"काही नाही. पण आता हात कोण लावणार?"

हात कोण लावणार ते मला समोर दिसत होतं. धक्क्यावर, शिडीवर चढून, माझा नवरा. खाली तिकीटवाला खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. मी लगबगीने निघाले, अर्ध्या वाटेवर पोचले आणि मला यांची शीळ ऐकू आली. तीन दिवसांत पहिल्यांदा हा माणूस खुशीत होता. मी थांबले. आधी मनात आलं, कशाला त्यांचा आनंद घालवा. लगेच दुसरंही मनात आलं, ते काय ते तुम्हाला कळलंच असेल. दोन्ही खरं आहे. मी मागे वळले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी हातगाडीवाला साडेदहाला सामान न्यायला येणार होता. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. हे अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारखे. मी आपली शांतपणे वेणी घालत होते. अकराला दहा कमी असताना स्वारी डुलत डुलत आली.

"ही काय वेळ झाली?" हे कडाडले.

"बरोबर साडेदहा," हातगाडीवाला धक्क्याकडे बोट दाखवून म्हणाला. "दहा पन्नास, वजा वीस. बघा ना!"

यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बॅगेची चेन लावत बसले.

वाळूतून गाडी ढकलत पोचलो तेव्हा बोट दूर गेली होती. चालकाच्या हातात स्वतःचं घड्याळ आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावर आमच्यासारखे आणखी पाच जण उभे होते. त्यातला न्हावी गालाला रुमाल बांधून होता, दाढ काढायला निघाला होता बिचारा. त्याच्याकडे बघून मात्र मला खरंच लाज वाटली. पुढचे चार दिवस मी रोज दोन वेळा लवंगेचं तेल घेऊन त्याच्या दारात जात होते.

यांनी कबुली दिली. अख्ख्या धक्क्यासमोर, मान खाली घालून. लोक एवढे हसले की न्हाव्यालाही गाल धरून हसावं लागलं. तिकीटवाल्याने शिडी आणून लावली. चांगलं चालणारं घड्याळ हाताने चुकीचं करायचं, यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम असावं. काटा पुढे सरकवताना यांनी डोळे मिटलेले मी पाहिले.

संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलो असताना यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

यांनी मूठभर वाळू उचलून पाण्यात सोडली. मग हे म्हणाले, "चार दिवस हवे होते तर सांगायचंस."

"आठ सांगितले होते."

दुसऱ्या दिवशी हे धक्क्याकडे फिरकले नाहीत. शनिवारी चक्क दुपारी झोपले. रविवारी पाण्यात शिरले ते कमरेपर्यंत, आणि मनगटी घड्याळ खोलीत उशीखाली होतं.

सोमवारी धक्क्याजवळ आलो तेव्हा वर अकराला पाच कमी होते. मी घाईने पुढे निघाले, तर यांनी हात धरून मला वाळूवर बसवलं. "अजून पंचवीस मिनिटं आहेत. बस."

बसलो. हे मान वर करून घड्याळ न्याहाळत होते.

"खारी हवा आहे इथे," हे म्हणाले. "त्याला दर वर्षी तेल द्यावं लागेल. नाहीतर बंद पडेल."

"मग?"

"मग काय, यावं लागेल."

सव्वीस वर्षं मी त्या दुकानात डबा घेऊन जाते आहे. असल्या घड्याळाला पाच-पाच वर्षं तेल लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण याही वेळी मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.