दर सेकंदाला विचारपूस

तिला हवं होतं ते एवढंच: कायमची नोकरी, आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरचा ‘तात्पुरती’ हा शब्द जाणं. अट एकच. रक्तपेढ्यांची वेबसाइट बंद पडली, तर लोकांच्या आधी तिला कळलं पाहिजे. आधीच्या माणसाला चाळीस मिनिटं उशिरा कळलं होतं; त्याची खुर्ची आता हिच्याकडे होती.

साइट मिनिटाला एकदा तपासली जायची. तिनं ती तपासणी दर सेकंदाला लावली. तीही साइट उघडते का एवढं पाहणारी नुसती दारावरची टकटक नाही, तर सगळ्या पेढ्यांमध्ये रक्तगटाचा पुरता शोध. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हिचं तर अजून पोळलंही नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराला तिच्या संगणकाचा पडदा लाल झाला. एका सेकंदात येणारं उत्तर वीस सेकंदांतही येईना. घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं: आणखी तीन मशीनवरून तपासणी सुरू केली.

फोन वाजला. ताई.

“आईला ऑपरेशनला आत घेतलंय. दोन बाटल्या रक्त आणा म्हणतात. तुझं ते पान नुसतं गरगरतंय गं!”

“पेढीत फोन कर ना!”

“पाच ठिकाणी केला. सगळे म्हणतात, साइटवर बघा. काय बघू, कपाळ?”

तिनं फोन तसाच कानाशी धरला. शेजारी सर्व्हरवाले काका साइटवर कोण काय शोधतंय त्याच्या नोंदी चाळत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“दहातल्या नऊ मागण्या एकाच गिऱ्हाइकाच्या आहेत.”

“कोण मेला तो?”

“तू.”

तिनं वाकून पाहिलं: ओळीमागून ओळ तिच्याच मशीनची.

“अगं, तापानं फणफणलेल्या पोराला गदागदा हलवून ‘झोप लागली का’ विचारतेस! बंद कर ते.”

“बंद केलं तर साइट पडलेली कळणार कशी, काका?”

“ताई कळवतेय की.”

तिनं सगळ्या तपासण्या थांबवल्या. पडदा काळा झाला. दोन मिनिटं तिला काहीच दिसत नव्हतं. साइट जिवंत आहे की नाही, आणि आई...

“उघडलं!” ताई ओरडली. “स्टेशनमागच्या पेढीत आहेत दोन. निघाले मी.”

अहवालात कारणाच्या रकान्यात तिनं ‘वाढलेला भार’ लिहिलं, खोडलं, आणि ‘माझी तपासणी’ असं लिहिलं. कायमच्या नोकरीची आशा गेली. तेवढी किंमत तिनं मोजली. आईला बाटल्या वेळेवर मिळाल्या. पण साइट अडून राहिलेल्या त्या बावीस मिनिटांत आणखी एकेचाळीस जणांनी शोध सुरू करून, कंटाळून सोडून दिला होता. त्यांचे रक्तगट नोंदीत आहेत. पुढचं काही नाही.