शून्यावरचे आमदार

पुण्याच्या एका संस्थेनं आमदारांची मापं काढली. सभागृहात कोणी कोणत्या बाजूनं मत दिलं ते बघायचं, आणि डावे एका टोकाला, उजवे दुसऱ्या टोकाला बसवायचे. आमचे सत्यजीतराव बरोबर मधे, शून्यावर निघाले. झालं. शिक्रापूरच्या चौकात फ्लेक्स लागला, 'महाराष्ट्रातील सर्वात समतोल आमदार', खाली कार्यकर्त्यांच्या मुंडक्यांची पंगत. शून्य मिळालं म्हणून सत्कार घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शाळेत असता तर बापानं फोडून काढला असता.

सत्काराला त्या संस्थेतली नीलमही आणली होती. दौंडची मुलगी, मापं तिनंच काढलेली. तिनं माइकवर भाबडेपणानं खरं सांगून टाकलं.

"साहेब आधी विरोधी पक्षात होते, तेव्हा प्रत्येक मत डावीकडे. मग सत्ताधारी पक्षात गेले, तेव्हापासून प्रत्येक मत उजवीकडे. म्हणून सरासरी शून्य येते. याला समतोल म्हणत नाहीत."

टाळ्या वाजल्या. शून्य म्हटलं की टाळ्या, एवढंच कार्यकर्त्यांना शिकवलेलं. ऐकायचं कोणाला पडलंय?

मांडवगण फराट्याच्या सविताबाई मात्र ऐकत होत्या. त्यांचं भीमेकाठचं रान कारखान्यांच्या वसाहतीत चाललं होतं. सोमवारी मोजणी होती, आणि ती थांबवा असं सांगायला त्या सकाळपासून साहेबांची वाट बघत बसल्या होत्या. त्या उठल्या.

"ताई, जमिनी घ्यायच्या कायद्याला सायबांनी काय केलं?"

नीलम जरा घुटमळली. "तो कायदा दोनदा आला. पहिल्यांदा साहेबांनी विरोधात मत दिलं, तेव्हा सरकारनं तो मागं घेतला. दुसऱ्यांदा बाजूनं दिलं. तेव्हा मंजूर झाला."

सत्यजीतराव हार सावरत हसले. कोडग्या माणसाला हसू फार लवकर येतं.

"म्हंजी मावशी, आपन कुनाच्याच विरोधात न्हाई. आपन मधले."

"मधले हाय, तर माझं निम्मं रान तरी ऱ्हायला पायजे," सविताबाई म्हणाल्या. "मोजणीवाल्यांना सांगा, निम्म्यावर थांबा म्हनून."

"बघू," असं म्हणून साहेब फोटोसाठी उभे राहिले. सविताबाईंनाही त्यांनी हाताला धरून शेजारी उभं केलं.

सोमवारी मोजणीवाल्यांनी त्यांच्या रानाच्या चारही कोपऱ्यांवर दगड रोवले.