आधी केबल, मग वीज

दादाचा हात एकदा यंत्रांच्या रॅकमध्ये गेला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा एक काळ होता. नेटवर्कचे स्विच, म्हणजे फोन आणि संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या, बसवण्याच्या धंद्यातली अर्धी माणसं त्याच्याच हाताखाली घडली. त्याची सख्खी धाकटी बहीण त्यातलीच एक. तिला तर त्याने रागावून रागावून शिकवलं. "आधी केबल, मग वीज! झोपेतून उठवून विचारलं तरी हेच यायला हवं." तिला तसं यायचंही.

वर्षभरापासून मात्र दादाचं काहीतरी बिनसलं होतं. चालू कामात थांबून तो हातातल्या पान्याकडे बघत बसायचा. एकदा तर गाडी चोरीला गेली म्हणून त्याने रस्ता डोक्यावर घेतला, आणि गाडी होती समोरच. डॉक्टरांनी तपासून काय सांगितलं ते वहिनीला आणि धाकटीलाच ठाऊक. वहिनीने तिचे दोन्ही हात धरले होते. "कंपनीत कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील गं त्यांना. आणि घरी बसले की संपले. तू असतेस ना बरोबर? सांभाळून घे."

धाकटी घेत होती सांभाळून. काम ती करायची, नाव दादाचं व्हायचं. कुणाला संशय आलाच तर हसून वेळ मारून न्यायची. रात्री घरी गेल्यावर मात्र तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्या दुपारचं काम होतं रुग्णवाहिका बोलवायच्या केंद्रात. मोठ्या हॉलमध्ये मुली कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन घेत होत्या, आणि हॉलला लागून असलेल्या थंडगार खोलीत हे सगळे फोन चालवणारे चार स्विच एकावर एक बसवलेले होते. मागून आखूड, जाड केबलने एकमेकांना बांधलेले, म्हणजे चार असून एकच. त्यातला एक कारभारी. तो सांगेल ते बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं.

हॉलमध्ये टेबलं वाढणार होती, म्हणून पाचवा स्विच जोडायचा होता. हा पाचवा बंद झालेल्या एका शाखेतून आणलेला. तिथे तोच कारभारी होता, आणि तिथली सगळी व्यवस्था अजून त्याच्या पोटात होती. असला पाहुणा बंद ठेवूनच केबलने जोडायचा आणि मग वीज द्यायची. मग तो गुपचूप खालच्या जागी बसतो. आधीच चालू करून आणून जोडला, तर कारभारी कोण यावरून जुंपते. चाललेले सगळे स्विच बंद पडतात आणि पुन्हा उठतात ते परक्याचे हुकूम घेऊन.

धाकटीने आधी चारही स्विचच्या आतली मांडणी, म्हणजे कुठला फोन कुठे जायचा ते सगळं, आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. एवढ्यात केंद्राच्या मॅनेजरबाईंनी दारातून हाक मारली, नवी टेबलं कुठे येणार ते बघून घ्या म्हणून.

"दादा, मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस हं."

"बरं बाई! मला शिकवतेय बघा," दादा हसला.

त्याला बरोबर न्यायला हवं होतं. पण चारचौघांत त्याला बोटाला धरून कसं न्यायचं? तिची जीभच रेटली नाही.

हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावरची मुलगी फोनवर एका माणसाला धीर देत होती. त्याची बायको स्वयंपाकघरात कोसळली होती. "छातीच्या मधोमध दाबा. जोरात. घाबरू नका, गाडी निघतेय, मी मोजते तुमच्याबरोबर. एक, दोन, तीन, चार..." मुलगी मोजत होती आणि धाकटी टेबलं बघायची सोडून तिच्याकडेच बघत उभी राहिली.

"हॅलो?" मुलगी म्हणाली. "हॅलो, ऐकू येतंय का?"

मग शेजारची म्हणाली हॅलो. मग पलीकडची. बघता बघता अख्खा हॉल हॅलो हॅलो करायला लागला. धाकटी स्विचच्या खोलीकडे पळत सुटली.

पाचवा स्विच हिरवे दिवे मिरवत बसला होता, मागे केबल खोचलेली. बाकीच्या चौघांचे दिवे पिवळे पडलेले आणि पंखे घोंघावत होते. दादा बाजूला हाताची घडी घालून उभा होता.

"झालं बघ," तो म्हणाला. "तुझी वाट बघत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती."

"अरे देवा, दादा! काय केलंस हे?"

तिने पाचव्याची केबल उपटली, चौघांना पुन्हा सुरू केलं, उतरवून ठेवलेली मांडणी त्यांच्यात परत भरली. यंत्रं काही कुणाच्या रडण्याने लवकर उठत नाहीत. दादा मागून समजावत होता, "हळू गं, घाई करू नये." शेवटी एकेक दिवा हिरवा झाला आणि हॉलमधून फोनच्या घंट्या ऐकू आल्या.

ती दारापर्यंत गेली. कोपऱ्यातली मुलगी तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. एकदाचा फोन उचलला गेला.

"मी बोलतेय, मघाची. दाबताय ना तुम्ही? गाडी आता..."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय म्हणाले?" शेजारणीने विचारलं.

"आता राहू द्या म्हणाले."

मॅनेजरबाई तरातरा खोलीत आल्या. चेहरा पांढराफटक. "कुणी केलं हे?"

धाकटीचं उत्तर तयार होतं. माझं चुकलं, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण तिच्या आधी दादाच बोलला.

"हिने केलं, मॅडम. आधी वीज दिली हिने!" मग तिच्याकडे वळला. "शंभरदा सांगितलं होतं ना तुला? माणसं मरतात अशाने! लाज वाटते का काही?"

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. रागाने त्याचे ओठ थरथरत होते. धाकटीला रडू फुटायला आलं, रागही आला, आणि दोन्ही तिने गिळलं. हेच तर ती सांगणार होती.

"हो," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"तुम्ही पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही. कंपनीला मी कळवतेच आहे." बाई दादाकडे वळल्या. "दादा, सोमवारी आमच्या मुख्य केंद्रात असंच काम आहे. तिथे याच्या चौपट फोन येतात. तुम्ही एकटेच या. तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही आता."

"येईन की!" दादा म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की धाकटीने तो तसा वर्षभरात बघितला नव्हता.

वहिनीच्या हातांची पकड तिला अजून आठवत होती. आणि उघड्या दारातून तो टेबलावर ठेवलेला हेडफोन दिसत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "वीज दादाने दिली. त्याला आठवत नाही. आता त्याला बरंच काही आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. वर्षभर मी लपवलं. त्याला कुठेच पाठवू नका."

दादा आधी हसला. मग त्याने एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "काय बोलतेस तू? सख्खी बहीण ना गं तू माझी?"

तिने मान खाली घातली.

दादाने शर्ट नीट केला, घसा खाकरला. "लक्ष देऊ नका हिच्याकडे, मॅडम. चूक झाली की पोरं असंच करतात. सोमवारी किती वाजता येऊ?"

मॅनेजरबाई धाकटीकडे वळून म्हणाल्या, "घरी घेऊन जा यांना."