ओलावा माझा, ब्लीच चकचकचं

"शी! मामा, आत्ताच्या आत्ता उचला हे. सहाशे पुड्या भरून खरूज जमवलीय माणसानं!"

नव्या मॅडमनी बोटांची टोकं रुमालाला पुसली आणि कपाटाचा खण कोपरानं आत ढकलला. हे वाक्य ऐकायला मामानं सव्वीस वर्षं वाट पाहिली होती.

मामा म्हणणाऱ्या एकट्या मॅडमच, त्याही नव्या म्हणून. वनस्पती संग्रहालयातले बाकी सगळे त्याला चकचक म्हणत. त्यानं पुसलेल्या फरशीवर एकदा माशी बसायला आली, ती घसरत घसरत थेट दाराबाहेर गेली आणि पुन्हा या इमारतीकडे फिरकली नाही. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. अशा माणसाच्या कपाळी साहेब लिहिलेले असावेत, ही नियतीची खोडी.

साहेब गेल्या महिन्यात वारले, त्यांच्या जागी या मॅडम आल्या. झाडांच्या सालीवरची दगडफुलं ओळखणं हे त्यांचं काम. बुंध्यावर करड्या-हिरवट पापुद्र्यांची चकती असते ना, कडा उचललेली, इसब उठल्यासारखी? तीच.

"अरे, बुरशी घर बांधते आणि शेवाळ आत स्वयंपाक करतं," साहेब कौतुकानं सांगत. "दोघांचा संसार आहे तो."

"संसार असो नाहीतर खरूज. टेबलावर नको," चकचक म्हणे.

पण खरी शिसारी पुढेच होती. वाळलेलं दगडफूल बोट लागताच चुरा होतं. मऊ करायला ओल लागते. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं तपासणी बिघडते, असं साहेबांचं ठाम मत. मग साहेब काय करत? जीभ बाहेर काढत. ज्या सालीशी कुत्री थांबली, जिच्यावर पाखरं शिटली, तिच्यावरची चकती ते गोळीसारखी चाटत. "हं, कडू आहे हे. हे मात्र पुठ्ठ्यासारखं." वर त्याच जिभेनं पाकीटही चिकटवत. साहेबांचा चहाचा कप चकचक दोन बोटांत धरून न्यायचा, उकळत्या पाण्यानं तीनदा विसळायचा आणि मोरीवरच्या वेगळ्या खिळ्याला टांगायचा. एकदा साहेबांनी त्याच्यापुढे आपलं अर्धं बिस्किट केलं. त्यानं ते कुंडीत पुरलं. त्या कुंडीनं पुढं वर्षभर फूल धरलं नाही.

तरी दर तपासणीला साहेब मोरीच्या दारात हजर, कारण थेंबभर ब्लीचनं कुठला रंग येतो त्यावरून दगडफुलाची जात कळते.

"चकचक, एक थेंब ब्लीच दे रे. ताजं आहे ना?"

"कालच आणलंय. झाकण मी लावीन, तुम्ही हात लावू नका."

आता ते सगळं संपणार होतं. कचऱ्याची गाडी पाचला यायची, आणि साडेचार वाजून गेले होते.

"तसंही त्यात काही खरं नाही," मॅडम म्हणाल्या. "सकाळी ही एक पुडी तपासली. वर लिहिलंय, ब्लीच टाकलं की लाल होतं. मी टाकलं. ढिम्म! एक खोटी म्हणजे सगळ्याच खोट्या."

चकचकनं पुडी चिमटीत धरली. किळसेपायी त्यानं सव्वीस वर्षांत एकही पुडी हाताळली नव्हती. साहेबांचं मुंग्यांसारखं अक्षर: 'दवाखान्यासमोरच्या झाडाची साल. वरून टाचणीनं टोचल्यासारखे पांढरे ठिपके. ब्लीचनं लाल. ओलावा माझा, ब्लीच चकचकचं, ताजं.'

त्यानं खणातली दुसरी पुडी काढली. तिसरी. दहावी. प्रत्येकीच्या तळाशी तीच ओळ.

"मॅडम, कुठलं ब्लीच टाकलंत?"

"कपाटात बाटली होती ती."

"ती दोन वर्षांची. पाणी झालंय तिचं. आणि टाकलंत कुठं?"

"कुठं म्हणजे? वरती."

"वरच्या कातडीवर काही होत नाही. ती खरवडायची, आत पांढरा गाभा असतो. थेंब तिथं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी डोळे मिटून उभा राहायचो. कान कुठं मिटता येतात?"

मॅडमनी हसू दाबलं. "असेल. पण माणूस गलिच्छ होता, सगळेच सांगतात."

"गलिच्छच होते! माझ्याइतकं कुणाला ठाऊक?" चकचक म्हणाला. "पण खोटे नव्हते. आणि माझं ब्लीच शिळं नव्हतं."

तो मोरीतून नवी बाटली घेऊन आला. मॅडमनी खरवडायला ब्लेडचं पातं टेकवलं, तर कडेचा तुकडा भुगा होऊन उडाला.

"ओलं करावं लागेल. नळाचं चालायचं नाही."

"मग?"

त्यानं पुडीत वाकून पाहिलं. चकतीचा एक कोपरा आधीच खरवडलेला होता. तिथं साहेबांची जीभ लागली होती. म्हणजे नुसती झाडाची घाण नव्हे, साहेबांचं उष्टं.

मॅडमच्या ध्यानात आलं. "मामा, नको हं! श्शी, काहीतरीच!" त्यांनी तोंड फिरवलं.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चकचकनं डोळे मिटले, नाक दाबलं आणि जीभ लावली. पुठ्ठा. नुसता धुळकट पुठ्ठा. घशाशी आलेलं त्यानं गिळलं आणि पुन्हा चाटलं, कारण साहेब दोनदा चाटत.

पापुद्रा मऊ पडला, हिरवा झाला. त्यानं स्वतः पातं घेतलं, कातडी खरवडली आणि पांढऱ्या गाभ्यावर थेंब सोडला. आणि मग तिथं लाली चढली, टोमणा बसल्यासारखी. दोघांनी नीट पाहीपर्यंत ती फिकी झालीसुद्धा.

मॅडम खिडकीशी गेल्या. "आज काही नाही हो, जा तुम्ही," त्यांनी गाडीवाल्याला ओरडून सांगितलं. मग पेन पुढं केलं. "तारीख घाला, मामा. काय केलं तेही लिहा."

साहेबांच्या ओळीखाली त्यानं वळणदार अक्षरात तारीख घातली. मग लिहिलं: 'लाल झालं. ओलावा माझा, ब्लीचही माझंच. ताजं.'

"आता जा, आधी चूळ भरून या."

मोरीवर एकच कप होता, वेगळ्या खिळ्याचा. चकचकनं तो काढला, नळाखाली भरला, चूळ भरली. उरलेलं पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकलं. मग कप, न विसळता, परत खिळ्याला लावला.